प्रुश्कूफ : आगगाडीच्या रुळांकाठचे गाव

श्रोतेहो, पोलंड देश आपल्याला अगदीच परका नाही. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बायका-मुलेच फार. त्या भागात अजून त्यांची आठवण निघते. पण ती मंडळी पूर्व पोलंडातली. आज आपण जायचे आहे ते त्या देशाच्या राजधानीच्या, म्हणजे वॉर्साच्या शेजारी.

वॉर्साच्या नैर्ऋत्येला सुमारे १५ किलोमीटरवर प्रुश्कूफ नावाचे गाव आहे. वस्ती साठ हजारांच्या वर. सकाळी माणसे गाडीत चढतात, वॉर्सात नोकरी करतात आणि संध्याकाळी घरी परततात. रोजच्या पासवाल्यांचे गाव म्हणा ना! बाहेरचा प्रवासी इथे सहसा उतरत नाही. पण उतरला, तर त्याला दोन हजार वर्षांचा इतिहास एका फेरफटक्यात पाहायला मिळेल.

आधी या गाड्यांचेच सांगतो. १८४५ साली वॉर्साहून व्हिएन्नाच्या दिशेने लोहमार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला, तो प्रुश्कूफवरूनच. तेव्हा पोलंड नावाचे स्वतंत्र राज्य नकाशावर नव्हते. वॉर्सावर रशियाच्या झारचा अंमल होता. रूळ आले, पाठोपाठ कारखाने आले, कारखान्यांमागून मजूर आले, आणि १९१६ साली या वस्तीला शहराचा दर्जा मिळाला. १९२७ साली वॉर्सा ते ग्रोजिस्क अशी विजेची छोटी गाडी सुरू झाली. ती आजही या गावातून धावते. पुढे १९३६ साली मोठ्या लोहमार्गावरही विजेच्या गाड्या आल्या, तेव्हा त्यांचे एक टोक प्रुश्कूफच होते.

कारखान्यांपैकी एकाचे नाव शिक्षक बंधुभगिनींना आवडेल. मायेव्स्कींचा पेन्सिलींचा कारखाना! शिसपेन्सिल म्हणतो खरे आपण, पण तिच्यात शिसे मुळीच नसते. ग्रॅफाइट आणि चिकणमाती एकत्र मळून, त्याच्या काड्या भाजून लाकडात बसवतात. माती जास्त घातली की पेन्सिल कठीण, कमी घातली की मऊ. पोलंडातल्या कित्येक पिढ्यांनी या प्रुश्कूफच्या पेन्सिलींनी मुळाक्षरे गिरवली.

गावाच्या कडेला त्वोर्की नावाची वस्ती आहे. तिथे १८९१ पासून मनोरुग्णांचे मोठे इस्पितळ आहे. आपल्याकडे थट्टेने ‘याला ठाण्याला पाठवा’ म्हणतात, तसे तिकडे ‘त्वोर्कीला पाठवा’ म्हणतात. माणसांच्या खोड्या सगळीकडे सारख्याच!

आता जरा मागे जाऊ. गावातून उत्राता नावाची लहानशी नदी वाहते. पोलिश भाषेत ‘उत्राता’ म्हणजे हानी. या नदीकाठच्या दलदलीत लोखंडाचे खनिज अगदी वरच्या थरात सापडे. ख्रिस्तपूर्व काळाच्या अखेरीपासून पुढची काही शतके इथल्या लोकांनी ते वितळवण्याचा मोठा उद्योग चालवला होता. पद्धत कशी, तर जमिनीत खड्डा घ्यायचा, त्यावर मातीची उभी भट्टी बांधायची, आणि वरून कोळसा व खनिज थराथराने ओतायचे. कीट खाली खड्ड्यात उतरे, लोखंडाचा गोळा वर राही. तो काढायला भट्टी फोडावी लागे. म्हणून एक भट्टी एकदाच कामाला येई, आणि कीट तिथेच जमिनीत राही. अशा हजारो भट्ट्यांच्या खुणा या परिसरात मिळाल्या आहेत. त्यांचे संग्रहालय १९७५ साली निघाले. ते पोतुलित्स्की घराण्याच्या जुन्या बागेत आहे. बागेत तळी आहेत, मोठमोठी झाडे आहेत; सुटीच्या दिवशी मुलांची गर्दी असते.

पण प्रुश्कूफचे नाव पोलंडातल्या घराघरांत ठाऊक आहे ते लोखंडामुळे नव्हे, पेन्सिलींमुळेही नव्हे. ते ठाऊक आहे रेल्वेच्या वर्कशॉपमुळे.

दुसऱ्या महायुद्धात हा सारा प्रदेश जर्मनांच्या ताब्यात गेला. प्रुश्कूफमधल्या ज्यूंना आधी एका कोंडवाड्यात डांबले आणि १९४१ च्या जानेवारीत वॉर्साच्या कोंडवाड्यात हाकलून नेले. पुढच्या वर्षी तिथून लाखो ज्यू मृत्यूच्या छावण्यांत धाडले गेले. मग १ ऑगस्ट १९४४ ला वॉर्साने उठाव केला. तो ६३ दिवस चालला. जर्मनांनी शहर रिकामे करायला घेतले, आणि बाहेर काढलेल्या माणसांसाठी निवडले ते प्रुश्कूफचे वर्कशॉप. डबे दुरुस्त करण्याच्या त्या अजस्र शेड, खाली तेलाने माखलेले सिमेंट, मधून रूळ आणि खड्डे. तिथे माणसे रात्र काढीत. ऑगस्टपासून पुढच्या काही महिन्यांत सुमारे चार लाख वॉर्सावासी या आवारातून गेले.

तिथे निवड होई. धडधाकट असेल तो मजुरीला जर्मनीत. म्हातारे, आजारी आणि तान्ह्या मुलांच्या आया दूरच्या खेड्यांत. ५० हजारांहून अधिक लोक छळछावण्यांत. एकाच घरातली माणसे वेगवेगळ्या गाड्यांत कोंबली जात. जाणारा माणूस कागदाच्या कपट्यावर नाव लिहून मागे ठेवी, एवढाच निरोप.

अशा वेळी गावकऱ्यांनी काय केले? घरात होते-नव्हते ते भाकरी-पाव, दूध, उकडलेले बटाटे छावणीकडे नेले. पोलिश डॉक्टर आणि परिचारिका आत कामाला जात. चांगल्या माणसाला आजारी ठरवून त्या सोडवीत. एखाद्या तरुण मुलीला पांढरा अंगरखा घालून, दंडावर रेडक्रॉसची पट्टी बांधून, आपल्याबरोबर फाटकातून बाहेर काढीत. पकडले जाण्याची भीती रोजची होती. सुटलेल्यांना इस्पितळांत, घरांत, माळ्यांवर जागा मिळाली. आधीच भरलेल्या घरात आणखी एक कुटुंब घेणे म्हणजे काय, हे खेड्यातल्या श्रोत्यांना मी सांगायला नको.

जानेवारी १९४५ मध्ये जर्मन गेले. पण मार्चअखेरीस रशियनांनी पोलिश भूमिगत राज्याच्या पुढाऱ्यांना याच गावात बोलणीसाठी बोलावले, आणि आलेल्यांना अटक करून मॉस्कोला नेले. जूनमध्ये त्यांच्यावर खटला चालला. सेनापती ओकुलित्स्की १९४६ साली मॉस्कोतल्या तुरुंगातच वारले. पोलंडात कित्येक वर्षे या गोष्टीबद्दल उघड बोलता येत नसे.

आज प्रुश्कूफमध्ये सायकल शर्यतींचे छपराखालचे मोठे क्रीडागृह आहे. २००९ साली तिथे जागतिक स्पर्धा झाल्या. छावणीच्या जागेवर ‘दुलाग १२१’ या छावणीच्याच जर्मन नावाचे संग्रहालय आहे. तिथे सुटून आलेल्यांच्या आठवणी जपून ठेवल्या आहेत. शेजारच्या रुळांवरून पासवाल्यांच्या गाड्या वॉर्साकडे जात असतात.