दासोपंतांची पासोडी आणि आपला अभिमान

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



सद्गुण, अहंकार, भक्ती आणि मुक्ती या विषयावर मी चार शब्द बोलावे, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. मी शास्त्री नव्हे की कीर्तनकार नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि शाळेत मुलांना शिकविण्यात गेलेले आयुष्य, एवढेच माझे भांडवल. परंतु विषय कितीही थोर असला तरी त्याच्या शोधासाठी आपणांस काशी-रामेश्वराची वाट धरावयास नको. तो आपल्या बीड जिल्ह्यातच, अंबाजोगाईस, एका वस्त्रावर लिहून ठेविलेला आहे.

ते वस्त्र म्हणजे दासोपंतांची पासोडी. दासोपंतांचा जन्म शके १४७३ मधला, म्हणजे इ. स. १५५१ चा. बेदराकडील नारायणपेठचे हे देशपांडे. घरची वतनदारी सोडून ते माहूरला गेले, पुढे आपल्या गेवराई तालुक्यातील गोदाकाठच्या राक्षसभुवनास आले आणि शेवटी अंबाजोगाईस स्थिर झाले. तेथेच शके १५३७ मध्ये त्यांनी देह ठेविला. त्यांचा 'गीतार्णव' सव्वा लक्ष ओव्यांचा, असे परंपरा सांगते. परंतु पाहणारास थक्क करून सोडते ती ही पासोडी. सुमारे चोवीस हात लांब आणि अडीच हात रुंद अशा जाड कापडावर त्यांनी 'पंचीकरण' हे प्रकरण आकृत्यांसह लिहून काढिले. कागद फाटतो, पोथीची पाने सुटी होतात. कापड मात्र गुंडाळून ठेविता येते आणि उलगडले की सगळा विषय एका दृष्टीत मावतो. वर्गाच्या भिंतीवर तक्ते टांगणाऱ्या आम्हा शिक्षकांस ही युक्ती सहज पटावी.

पंचीकरण म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश ही पाच भूते. प्रत्येक भूताचे दोन सारखे भाग करावे. एक अर्धा तसाच ठेवावा, दुसऱ्या अर्ध्याचे पुन्हा चार भाग करून ते उरलेल्या चार भूतांत एकेक घालावे. अशा रीतीने प्रत्येक भूतात आठ आणे स्वतःचे आणि दोन-दोन आणे इतर चौघांचे, मिळून रुपया पुरा होतो. हा देह अशा मिश्रणाचा आहे. आता विचार करावा की यात 'मी' कोणता? हाडे पृथ्वीची, रक्त पाण्याचे, जठराग्नी तेजाचा, श्वास वायूचा, पोकळी आकाशाची. सगळा हिशेब उलगडून पाहिला तरी 'मी' नावाची बाकी कोठेच निघत नाही. अहंकार म्हणजे हिशेबात नसलेली रक्कम आपल्या नावावर मांडणे होय.

आता सद्गुणांकडे वळू. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे सव्वीस गुण मोजले आहेत. त्यांतील पहिला 'अभय' आणि शेवटचा 'नातिमानिता', म्हणजे स्वतःस फार मोठे न मानणे. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे आली आहेत, त्यांचा आरंभच 'अमानित्वा'ने होतो. एका ठिकाणी निरभिमानता दारात उभी आहे, दुसऱ्या ठिकाणी तीच यादीच्या शेवटी राखण करीत आहे. मला यातून असे दिसते की, दान, तप, सत्य, दया हे गुण अंगी आले आणि त्यांचाच अभिमान जडला, तर घागर भरूनही बुडाला भोक राहिले असे समजावे. दुर्गुणी मनुष्याचा गर्व लोकांस दिसतो. सद्गुणी मनुष्याचा गर्व त्याचा त्यालाही दिसत नाही.

भक्तीचीही तीच गत. आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेरचे गोरोबाकाका कुंभार. संतमेळ्यात ते थापटणे घेऊन एकेकाच्या मस्तकावर वाजवू लागले, तेव्हा बाकीचे संत शांत बसले; नामदेव मात्र रागावले. गोरोबांनी निकाल दिला, हे मडके कच्चे आहे. ही कथा आपण कीर्तनात पुष्कळदा ऐकली आहे. परंतु नामदेवांस गर्व कशाचा होता? धनाचा नव्हे, सत्तेचा नव्हे. देव आपल्याशी बोलतो, याचा. म्हणजे भक्तीलाही अहंकाराची वाळवी लागते. पुढे नामदेव औंढ्या नागनाथास जाऊन विसोबा खेचरांना शरण गेले. त्यानंतरचे नामदेव पाहा. ते पंजाबात घुमानपर्यंत पोहोचले आणि त्यांच्या नावाची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात स्थान पावली. मडके पक्के झाले तेव्हा त्यातले पाणी भाषेच्या, प्रांताच्या आणि जातीच्या पलीकडील तहानलेल्यांस पुरले.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठार लोकांस खुले केले, तेव्हा बेदरास जाऊन त्यांचा भरणा करणारा देव विठू महाराच्या रूपाने गेला, असे आपले संतचरित्र सांगते. दासोपंतही बालपणी वसुलाच्या थकबाकीपायी बेदरास ओलीस राहिले आणि त्यांच्या कथेतही देव सेवक होऊनच पैसे भरतो. देवाला राजाचे रूप घेता आले नसते काय? त्याने उच्च आसन न घेता धन्यासाठी पायपीट करणाराचे रूप घेतले. जो आपल्या कुळाची उंची सांगतो, त्याच्या दारात देव उभा राहिला तरी त्याला तो ओळखू येणार नाही.

राहिली मुक्ती. अंबाजोगाईजवळच्या बालाघाटाच्या दरीत मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा 'विवेकसिंधु' शके १११० चा, म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही सुमारे शंभर वर्षे अगोदरचा मानला जातो. काही अभ्यासक या ग्रंथाचे जन्मस्थान विदर्भातील अंभोरे मानतात. तो वाद विद्वानांनी सोडवावा. मुकुंदराजांविषयी एक आख्यायिका आहे. जैतपाळ नावाचा राजा साधुसंन्याशांस धरून, 'मला तत्काळ ब्रह्म दाखवा' असा हट्ट धरी आणि न दाखविणारास राबवून घेई. मुकुंदराजांनी घोडा आणविला, आणि राजाने रिकिबीत पाय ठेवताच त्याची समाधी लागली. मला या कथेचा अर्थ असा वाटतो की, राजा ब्रह्म मागत होता ते सारा वसूल केल्याप्रमाणे. मागणारा 'मी' क्षणभर गळाला, तेवढ्यातच मागितलेली वस्तू हाती आली. आपल्याकडे सलोकता, समीपता, सरूपता आणि सायुज्यता अशा चार मुक्ती सांगतात. पहिल्या तिन्हींत देव आणि भक्त असे दोघे उरतात. चौथीत दुजेपण संपते. जोवर 'मी' शिल्लक आहे तोवर सायुज्य नाही, आणि त्यासाठी मरणाची वाट पाहावयास नको, असे आपले संत सांगत आले.

बंधूंनो, येथवर आपण सर्वांनी माना डोलविल्या. आता जे बोलणार आहे ते कदाचित कडू लागेल; परंतु ते टाळले तर हे व्याख्यान म्हणजे तोंडची वाफ ठरेल. 'मी' सोडणे कठीण, हे सर्वांस ठाऊक आहे. पण 'मी' पुष्कळदा 'आम्ही'ची पासोडी पांघरून बसतो. एकटा मनुष्य स्वतःची बढाई मारू लागला तर लोक हसतात. तोच ज्ञातीची बढाई मारू लागला की टाळ्या पडतात. गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यात या 'आम्ही'ने काय केले, ते मी सांगावयास नको. २०२५ साली आपल्या जिल्ह्याच्या पोलीस दलाने गणवेशावरील नावपट्टीतून आडनाव गाळून केवळ पहिले नाव ठेविले. आडनाव वाचताच जात ताडायची आणि जात ताडताच मनुष्य कसा वागेल हे ठरवायचे, अशी सवय आपणांस जडल्यावाचून हे करावे लागले नसते. मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या भूमीस ही गोष्ट भूषणावह नाही.

आता आपल्या घरातले. आज दुपारी वसतिगृहाचा ठराव येणार आहे. कोनशिलेवर कोणाचे नाव वर, यावरून दोन सभा मोडल्या. आणि इतर ज्ञातींच्या मुलांस प्रवेश द्यावा की नाही, यावरून मने फाटली आहेत. 'आधी घरचे, मग बाहेरचे' असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे मी अन्यायाचे समजत नाही. वर्गणी आपण घातली, आपल्याही घरांत गरीब मुले आहेत. ती प्रथम घ्यावीत. परंतु जी खाट रिकामी राहील ती केवळ आडनावासाठी रिकामी ठेवू नये. दिवाळीच्या सुमारास केज, धारूर, पाटोदा, शिरूर भागातून बैलगाड्या आणि ट्रक भरभरून माणसे ऊसतोडीस जातात ती उन्हाळ्याच्या तोंडी परततात. त्या काळात त्यांच्या मुलांची शाळा सुटते. अशा मुलाने आपल्या वसतिगृहात सहा महिने निजून परीक्षा दिली, तर ज्ञातीचे काय उणे होईल? आणि कोनशिलेविषयी माझी विनंती एवढीच की तीवर वर्ष लिहावे, नावे लिहू नयेत. ज्यांनी दिले त्यांची नोंद मंडळाच्या वहीत आहेच.

दासोपंतांनी एवढ्या मोठ्या वस्त्रावर 'मी कोण' याचा उलगडा केला. आपणांस तेवढे लिहावयाचे नाही. एका ठरावात दोन ओळी घालावयाच्या आहेत. त्या घालण्याची सद्बुद्धी योगेश्वरीमाता आणि वैद्यनाथ आपणां सर्वांस देवो.