उजाड रानाचा पहिला रहिवासी



पश्चिम घाटात पावसाळ्यात दरड कोसळते, रस्त्यासाठी डोंगरउतार कापला जातो, किंवा एखादा जुना वृक्ष उन्मळून पडतो. जेथे वर्षानुवर्षे गर्द सावली होती, तेथे ऊन थेट जमिनीला भिडते. अशा जागी सर्वांआधी उभ्या राहणाऱ्या झाडांत चांदाडा अग्रेसर असतो. शास्त्रीय परिभाषेत त्याचे नाव मॅकारांगा पेल्टाटा. तुळू भाषक त्याला उप्पळिगे म्हणतात, मल्याळी वट्टा, तर श्रीलंकेतील सिंहली केंद.

त्याची ओळख पानावरून पटते. देठ पात्याच्या कडेला न जुळता आतल्या भागात जुळतो, म्हणून पान ढालीसारखे दिसते. लॅटिन ‘पेल्टा’ म्हणजे लहान ढाल. नावाचे मूळ तेच. यात नर आणि मादी झाडे निरनिराळी असतात. मादी झाडाची बारीक फळे पक्षी खातात आणि बिया दूरवर पोहोचवतात. भरपूर ऊन लाभताच रोप झपाट्याने वाढते. ही घाई लाकडात उतरते. ते हलके व मऊ राहते. घराच्या तुळईला ते चालत नाही. पण पेन्सिली आणि प्लायवूड त्यापासून होतात. रुंद पानांत केरळ व श्रीलंकेत गोड पदार्थ वाफवतात.

तथापि चांदाड्याचे मुख्य कार्य मुळांशी आणि सावलीत चालते. मुळे सुटी माती धरून ठेवतात, गळलेली पाने तिला कस देतात. फांद्यांवर विसावणाऱ्या पाखरांच्या विष्ठेतून इतर वृक्षांच्या बिया खाली पडतात. जांभूळ, अंजनी, पिसा यांची रोपे त्या सावलीत जीव धरतात. चांदाड्याची स्वतःची रोपे मात्र तेथे तग धरत नाहीत. मागून आलेले वृक्ष उंचावले की तो मागे सरतो.

अमेरिकेतून आलेली रानमोडीही अशाच उघड्या जागेवर पसरते. परंतु तिची जाळी इतर रोपांना डोके वर काढू देत नाही आणि उन्हाळ्यात वाळून वणव्याला सरपण पुरवते. दोघांनाही सरसकट ‘झुडूप’ ठरवून तोडणे, आणि मोकळ्या केलेल्या जागेत खड्डे खणून वृक्षारोपणाचा सोहळा करणे, ही रीत अनेक ठिकाणी रूढ आहे. त्यात आपणहून सुरू झालेले रान पुन्हा उघड्यावर पडते.

यंदाच्या पावसाळ्यात शाळांची मुले रोपे घेऊन डोंगरावर जातील. कुदळ उचलण्यापूर्वी तेथे आपोआप काय उगवले आहे, हे त्यांनी आधी पाहावे. रानमोडी उपटावी, चांदाडे राखावेत. त्यांतले एकच राखून भागणार नाही, कारण नर आणि मादी दोन्ही असल्याशिवाय बी धरत नाही. हीरक महोत्सवी संस्थेला, आपल्या सावलीत दुसऱ्यांना वाढवणाऱ्या पहिल्या पिढीचे मोल निराळे सांगावे लागणार नाही.