पाटीवर न लिहिलेला शब्द
(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



अभ्यासवर्गानं मला विषय दिलाय 'चिन्हमीमांसा'. नाव ऐकूनच काही जण मागच्या बाकावर सरकलेत. घाबरायचं कारण नाही. हे शास्त्र आपल्या आज्या-पणज्यांना रोजच्या रोज शिकावं लागलंय. समोरून येणाऱ्याचं पागोटं बघून वाट सोडायची, पाणवठा बघून कुठं थांबायचं ते ओळखायचं. वाचण्यात चूक झाली तर पाठ सोलून निघायची. अशी ती परीक्षा होती.

युरोपात सोस्यूर नावाचा एक स्विस भाषापंडित होऊन गेला. तो वारला १९१३ साली. त्याच्या व्याख्यानांचं पुस्तक विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून १९१६ साली निघालं. त्याचं म्हणणं असं : चिन्हाला दोन बाजू असतात. आपण ऐकतो-बघतो ते चिन्हक. त्यातून मनात उभं राहतं ते चिन्हित. या दोहोंची गाठ निसर्गानं बांधलेली नाही, ती समाजाच्या संकेतानं बसलेली आहे. आणि कुठलंही चिन्ह दुसऱ्यापासून वेगळं असतं, म्हणूनच त्याला अर्थ येतो. एवढं खिशात टाका आणि माझ्या गावी चला.

माझं गाव महाड. एस. टी. स्टँडवरून गावात शिरलं की खानावळीची पाटी दिसते : 'शुद्ध शाकाहारी'. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? आत वरणभात मिळतो एवढंच ती सांगते. मग नुसतं 'शाकाहारी' का पुरत नाही? 'शुद्ध' कशाला? सोस्यूरच्या हिशेबानं 'शुद्ध'ला अर्थ येतो तो 'अशुद्ध'मुळे. तो शब्द पाटीवर लिहिलेला नाही. तो आपण आहोत. रोलाँ बार्थ या फ्रेंच लेखकानं १९५७ सालच्या 'मिथॉलॉजीज' या पुस्तकात हाच कावा उघडा पाडला : इतिहासात माणसांनी घडवलेली गोष्ट जणू निसर्गानंच दिली आहे, असं भासवायचं.

आमच्या गावात तर 'शुद्ध' या शब्दाला फार मोठा इतिहास आहे. नगरपालिकेनं १९२४ सालीच चवदार तळं अस्पृश्यांना खुलं केल्याचा ठराव केला होता. ठराव दप्तरात राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले, ओंजळीनं पाणी प्याले. तोवर गुराढोरांच्या तोंडानं ते पाणी बाटत नव्हतं. आपली ओंजळ लागली आणि बाटलं! मग १०८ घागरी, पंचगव्य आणि मंत्र घेऊन सवर्णांनी तळ्याचं शुद्धीकरण केलं. शेण-गोमूत्र पडलेलं पाणी शुद्ध आणि माणूस प्याला ते अशुद्ध. हे कुठल्या रसायनशास्त्रात बसतं? बसत नाही, कारण लढाई तहानेची नव्हतीच. पाण्याचा अर्थ कोण ठरवणार, याची होती.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडातच मनुस्मृती जाळली. त्याच वेळी बाबासाहेबांनी आपल्या बायांना सांगितलं की ज्या नेसण्यावरून, ज्या दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते ते टाकून द्या. बायांनी लुगडं नेसायची रीत तिथल्या तिथं बदलली. पाणी, पोथी आणि लुगडं. एका वर्षात तीन चिन्हांच्या गाठी सोडवल्या, आणि सोडवणाऱ्यांपैकी बहुतेकांना अक्षरओळखही नव्हती.

पण आपण एक गाठ सोडली की व्यवस्था दुसरी मारते. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. महारवाडा जाऊन समतानगर, भीमनगर. बरं झालं, ते नाव जायलाच हवं होतं. पण 'भीमनगर' ऐकल्यावरही समोरच्याच्या डोळ्यांत तोच महारवाडा उभा राहत असेल, तर चिन्हक बदललं आणि चिन्हित जागच्या जागीच. १९२४ च्या ठरावाचं काय झालं ते विसरू नका. ठरावानंतर कुणीतरी जाऊन पाणी प्यावं लागतं.

आता माझं सांगतो. शाळेत असताना एका मित्राच्या घरी अभ्यासाला जायचो. त्याची आई मायाळू, आम्ही तिला काकू म्हणायचो. मला पाणी नेहमी एकाच गिलासातून मिळायचं. पोचा आलेला गिलास, खिडकीत वेगळा ठेवलेला. मला वाटायचं, हा खास माझा गिलास. घरी येऊन आईला फुशारकीनं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "आणि विसळतं कोण?" मी म्हटलं, "मीच." ती गप्प झाली. दुसऱ्या दिवसापासून दप्तरात घरच्या पाण्याची बाटली यायला लागली.

तेव्हा मी अडाणी होतो. आता शिकलोय. गेल्या वर्षी मुंबईत खोली बघायला गेलो. मालकानं विचारलं, "पूर्ण नाव?" हा प्रश्न कशासाठी असतो ते तुम्हाला सांगायला नको. मी आडनाव गिळलं आणि म्हणालो, "महाडकर." त्याला गाव ऐकू आलं, जात ऐकू आली नाही. सगळा व्यवहार तोंडीच होता. खोली मिळाली.

दोस्तांनो, ज्या गावात आपली माणसं उघड्या तोंडानं तळ्यावर गेली, त्या गावाचं नाव मी तोंड लपवायला वापरलं. चिन्हं वाचता आली म्हणजे माणूस मोकळा होतो असं नाही. कधी कधी तो नुसता हुशार भित्रा होतो. मी झालो. बाबासाहेबांची तसबीर अजून माझ्या ट्रंकेत, कपड्यांखाली आहे.

येत्या १४ एप्रिलला ती भिंतीवर लागेल आणि दारावर माझ्या खऱ्या आडनावाची पाटी. खोली राहते की जाते ते बघू. गेली तर सामान उचलायला या. राहिली तर चहाला या. गिलास सगळे सारखे असतील.

जय भीम.