चेर्नोबिलच्या मातीतील सोयाबीन

बी म्हणजे रोपाने आपल्या लेकरासाठी बांधून दिलेली शिदोरी होय. सोयाबीनच्या दाण्यात ही शिदोरी मोठी भरगच्च असते. शंभर भागांत सुमारे ४० भाग प्रथिने आणि २० भाग तेल. जमिनीत ओल लागताच अंकुर प्रथम ह्याच साठ्यावर जगतो; आणि ह्याच तेलावर व पेंडीवर माळव्यातील आणि विदर्भातील असंख्य घरांचा प्रपंच चालतो. परंतु रोप वाढते ती मातीच किरणोत्सर्गाने दूषित झाली, तर ह्या शिदोरीचे काय होते?

ह्या प्रश्नाचे उत्तर युक्रेनमधील एका शेतात शोधले गेले. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिल येथील अणुभट्टीचा स्फोट झाला. दुसऱ्या दिवशी जवळचे प्रिप्यात हे शहर रिकामे करण्यात आले. माणसे निघून गेली. माती मात्र तेथेच राहिली. तीत सीझियम-१३७ हे द्रव्य मिसळले होते. त्याची किरणशक्ती निम्मी होण्यास सुमारे ३० वर्षे लागतात. शिवाय त्याचा स्वभाव पोटॅशियमसारखा असल्याने मुळे त्याला शत्रू न समजता अन्न समजून आत घेतात.

स्लोव्हाकियातील आणि युक्रेनमधील शास्त्रज्ञांनी ‘सोन्याच्ना’ नावाचे तेथील स्थानिक सोयाबीन एका दूषित शेतात आणि तुलनेसाठी दुसऱ्या शेतात पेरले. पिकलेल्या दाण्यांतील प्रथिने काढून ती विद्युतभार आणि वजन यांनुसार एका पटलावर पसरविली. त्या पटलावरील ६९८ ठिपके मोजले गेले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी ९.२ टक्के ठिपक्यांत दोन्ही शेतांमध्ये निश्चित फरक आढळला. म्हणजे दहांतील नऊ ठिपके जवळजवळ तसेच होते. जे बदलले ते मात्र अर्थपूर्ण होते.

जड धातूंच्या त्रासाशी झुंजण्यास उपयोगी पडणारे एक प्रथिन वाढले होते. पेशीला किरणांच्या इजेपासून सांभाळणारे द्रव्य घडविण्यास साहाय्य करणारे दुसरे प्रथिनही वाढले होते. साठ्याच्या प्रथिनांतही उलथापालथ दिसली. घरावर संकट आले की गृहिणी कोठीतील धान्याची मांडणी बदलते, तसेच काहीसे रोपाने केले होते. जे रोप जागचे हलू शकत नाही, ते आपला अंतर्गत कारभारच बदलून पाहते.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. प्रयोगशाळेत बियाण्यावर मोजून किरण सोडले असता ते बी स्वतः किरणोत्सर्गी बनत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्याने सोयाबीनचे ‘टीएएमएस-३८’ हे वाण अशाच किरणप्रक्रियेच्या साहाय्याने तयार झाले. तेथे किरण येऊन निघून जातात. वंशात घडलेल्या बदलांतून चांगला तेवढा निवडला जातो. चेर्नोबिलच्या शेतात किरणांचे उगमस्थानच मातीत आहे, आणि ते मुळांवाटे रोपाच्या देहात शिरते.

म्हणूनच ह्या प्रयोगाचा अर्थ लावताना जपून राहावे लागते. रोप फुलले, शेंगा धरल्या, दाणा भरला. एवढ्यावरून तो दाणा खाण्यास योग्य ठरत नाही आणि ती भूमीही निर्धोक ठरत नाही. शिवाय हे एका वाणाचे, एका परिसरातील निरीक्षण आहे. एका शेताची माती दुसऱ्या शेतासारखी कधीच तंतोतंत नसते. तरीही बीजाच्या अंगी संकटाला उत्तर देण्याचे केवढे सामर्थ्य आहे, हे त्यातून दिसते. ते सामर्थ्य समजले, तर क्षार, दुष्काळ आणि दूषित जमीन यांना तोंड देणारी पिके घडविण्यास मदत होऊ शकेल.

सीझियम-१३७ हे ३० वर्षांत निम्मे आणि ६० वर्षांत चतुर्थांश उरते. माणसाच्या एका रात्रीच्या चुकीचा हिशेब माती अशा पिढ्यांच्या मापाने फेडते. तोवर रोप तग धरील; परंतु तग धरणे म्हणजे सुखरूप असणे नव्हे, हा विवेक माणसानेच राखावयाचा आहे.