शीव लिहा, सायनही लिहा
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



माझी नोकरी ग्रंथालयातली, म्हणून पुस्तकांबद्दलच बोलते. आपल्या जवळचं, दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालचं. तिथली दोलामुद्रितं, म्हणजे १८६७ पूर्वीची छापील पुस्तकं, राज्य मराठी विकास संस्थेने स्कॅन करून घेतली. हात लावायची भीती वाटावी अशी पानं आता मोबाईलवर वाचता येतात.

पण स्कॅन म्हणजे नुसता फोटो. त्यातला शब्द शोधता यावा म्हणून ओसीआर करायचं, आणि त्याच्या चुका माणसानेच दुरुस्त करायच्या. सूचीत फक्त ‘शीव’ लिहिलं, तर ‘सायन’ टाइप करणाऱ्या मुलाला काही सापडत नाही. पुस्तक असून नसल्यासारखं! म्हणून मी दोन्ही शब्द नोंदवते. ‘वाचकाचा वेळ वाचवा’, हा नियम रंगनाथन यांनी १९३१ सालीच घालून दिलाय.

एक विनंती. सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटातली पुस्तकं रद्दीत जाण्याआधी त्यांची यादी गूगल शीटवर करूया. आजी-आजोबांनी नावं सांगायची, नातवंडांनी टाइप करायची. लिंक ग्रुपवर टाकते. येत्या रविवारी कोण कोण येतंय?