बांबू : झाड की गवत?

‘पर्यावरण धोरणात एमए करतोय’ म्हटलं की समोरून पहिला प्रश्न येतो, म्हणजे झाडं लावायची का? तीही लावतो. पण पहिल्या सेमिस्टरला आमच्या वर्गात सगळ्यात मोठा वाद झाला तो बांबूवरून. बांबू झाड आहे की गवत?

वनस्पतिशास्त्र सांगतं, गवत. पण १९२७च्या भारतीय वन कायद्याने त्याला झाडांत धरलं. झाड म्हटलं की तोडलेला बांबू झाला इमारती लाकूड, म्हणजे वनखात्याच्या अखत्यारीतला. पुढे २००६चा वनहक्क कायदा आला. त्याने बांबूला ‘गौण वनोपज’ म्हटलं, मध आणि तेंदूपानांच्या रांगेत बसवलं. ते गोळा करण्याचा, विकण्याचा हक्क जंगलात राहणाऱ्यांचा. २०१७ पर्यंत बांबू एक, कायदे दोन!

गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं गोंड आदिवासींचं छोटं गाव आहे. २००९ मध्ये त्यांना १८०० हेक्टरच्या आसपास जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. भारी ना? थांबा. बांबू विकायचा तर गावाबाहेर न्यायला हवा, आणि वाहतुकीचा पास वनखात्याकडे. घर तुमच्या नावावर, किल्ली शेजाऱ्याकडे, असला प्रकार. गाव हटलं नाही. शेवटी एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. २०१२ मध्ये तर वनहक्काचे नियमच बदलले आणि पास देण्याचं काम देशभर ग्रामसभांकडे आलं.

वर्गात एकाने विचारलं, “गावाने सगळं तोडून विकलं तर?” प्रश्न रास्तच. पण जंगलातला बांबू कागद कारखान्यांना लीजवर दिला जायचा, तेव्हा हा प्रश्न किती जणांनी विचारला? मला तरी ‘रिसोर्स मॅनेजमेंट’च्या पुस्तकात टनांचे तक्ते भरपूर दिसतात, सही कुणाची, हे शोधावं लागतं. मेंढ्यात तर बहुमतसुद्धा चालत नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत बसायचं. वेळखाऊ आहे, मान्य. आमचा ग्रुप प्रोजेक्टचा विषय ठरवताना चार जणांचंही एकमत झालं नाही, ते सोडा!

माझा प्रबंध या पासांवरच आहे. तुमच्या गावच्या ग्रामसभेने असा पास दिला असेल तर मला मेसेज करा. कागदाचा फोटोही चालेल.