जुनी बोट घेताना आधी खाली वाका



दिल्लीत समुद्र नाही, मग इथे बसून बोटीच्या दुरुस्तीवर काय बोलायचं, असं तुम्हाला वाटेल. पण १३ जुलै २०२३ला जुन्या लोखंडी पुलाजवळ यमुना २०८.६६ मीटरवर गेली. त्याआधीचा उच्चांक १९७८चा, २०७.४९ मीटर. त्या दिवसांत यमुना बाजार, सिव्हिल लाइन्स, थेट आयटीओपर्यंत पाणी आलं आणि शहराच्या रस्त्यांवरून बोटी चालल्या. वर्षभर शेडमध्ये पडून असलेली बोट अशा दिवशी एकदम लागते, आणि त्या दिवशी ती बंद पडून चालत नाही.

शिवाय दिल्ली, नोएडा, गुरुग्राम भागातली मंडळी हल्ली तलावावरच्या रिसॉर्टसाठी किंवा हौसेखातर जुनी बोट घेतात. ती बऱ्याचदा किनाऱ्यावरून ट्रेलरवर चढून येते. विकणारा इंजिन दाखवतो, सीटचं कव्हर दाखवतो. खराबी मात्र पाण्याखाली राहणाऱ्या भागात लपलेली असते. त्या भागाचं नाव आउटड्राइव्ह.

आधी रचना समजून घेऊ. इंजिन बोटीच्या आत, मागच्या भिंतीला लागून बसवलेलं असतं. भिंतीबाहेर एक पाय लटकतो, त्याच्या टोकाला पंखा. १९५९मध्ये व्होल्वो पेंटाने 'अ‍ॅक्वामॅटिक' या नावाने ही पद्धत बाजारात आणली. इंजिनाची ताकद भिंतीतून बाहेर येते, दोनदा काटकोनात वळते आणि पंख्यापर्यंत जाते. पाय डावी-उजवीकडे वळतो, वर उचलला जातो, म्हणून मध्ये ट्रकला असतो तसा यूजे क्रॉस असतो. तो कोरडा ठेवायला त्याच्याभोवती पेटीच्या भात्यासारखा घड्यांचा रबरी भाता असतो. म्हणजे बोटीच्या भिंतीला पाण्याखाली एक मोठं भोक आहे, आणि पाणी अडवायला पहिलं उभं आहे ते हे रबर. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे तपासणी कुठून करायची ते आपोआप कळेल.

पाय पूर्ण वर उचला आणि बॅटरी घेऊन भात्याच्या घड्यांमध्ये बघा. वरून रबर काळंभोर दिसतं, चिरा घडीच्या तळाशी असतात. बोटाने घडी उघडा. रबर कडक झालं असेल, बारीक भेगा दिसत असतील, तर फाटायची वाट बघू नका, बदला. भाता फाटला की पाणी आधी क्रॉस आणि बेअरिंगमध्ये जातं. आतलं सीलही गेलेलं असेल, तर थेट बोटीच्या तळात. बांधून ठेवलेली बोट रातोरात बुडते ती अशीच.

दुसरं, गिअरचं तेल. बोट रात्रभर हलवू नका. सकाळी खालचा बोल्ट थोडासाच सैल करा. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे आत असेल तर आधी तेच गळतं. तेल दुधाळ, चहासारखं दिसलं, तरी अर्थ तोच. बोल्टच्या चुंबकाला राखाडी लुकण चिकटलेलं असेल तर ती नेहमीची झीज. धातूचे कण बोटाला टोचले, तर गिअर खाल्ले जात आहेत, सौदा पुन्हा विचारात घ्या.

आणि तेल ताजं, स्वच्छ असेल तर? विकणाऱ्याने कालच बदललेलं असू शकतं. म्हणून दाबाची चाचणी मागा. तेल काढून पायात हवा भरायची, मॅन्युअलमध्ये दिलेल्या दाबापर्यंत. काटा खाली आला, तर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा येईल तिथे गळती.

दिल्लीत ही गळती बहुतेक पंख्यामागे सापडते. यमुनेत पुलांवरून निर्माल्य, पूजेचे धागे, चुनऱ्या, प्लास्टिक पडतं, जलपर्णी वेगळीच. धागा पंख्यामागच्या शाफ्टवर गुंडाळला जातो आणि हळूहळू ऑईल सील कापतो. म्हणून पंखा काढून बघितल्याशिवाय तपासणी झाली असं म्हणू नका. सील बदलताना शाफ्टवर नख फिरवा. खाच लागली, तर नवं सीलही गळेल. काश्मिरी गेटच्या बाजारात त्याच मापाचं सील मिळेल, पण आतली स्प्रिंग स्टेनलेसची आहे का ते विचारा. साधी स्प्रिंग पाण्यात गंजते.

तिसरं, इंजिन ऐकणं. अंगणात कोरडं इंजिन चालू करून "आवाज ऐका" म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र कोरडं फिरलं की काही सेकंदांत खराब होतं. पाय जिथून पाणी ओढतो त्या जाळ्यांवर रबरी कप लावा, नळीने पाणी सोडा, मगच स्टार्ट करा. मग स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवा. वळवल्यावर घरघर वाढली, तर गिंबल बेअरिंग किंवा क्रॉस गेलाय.

चौथं, धातू. पायावर बसवलेले छोटे ठोकळे स्वतः झिजून अ‍ॅल्युमिनियमला वाचवतात. मालवण किंवा मुंबईहून आलेल्या बोटीला ते जस्ताचे असू शकतात. खाऱ्या पाण्यात जस्त चांगलं, गोड्या पाण्यात त्यावर थर बसतो आणि काम थांबतं. ठोकळा अख्खा दिसतो आणि पाय आतून खाल्ला जातो. बोट तलावात उतरवायची असेल, तर मॅग्नेशियमचे बसवा. ठोकळ्यांवर रंग मात्र कधी मारू नका.

शेवटी तेल भरणं. वरून ओतू नका, आत हवा अडकते. खालच्या भोकातून पंपाने भरा. वरच्या भोकातून तेल आलं की आधी वरचा बोल्ट लावा, मग पंप काढून खालचा. दोन्ही वॉशर नवे. तेल मरीन गिअरचंच. पण पाणी कुठून आलं ते न शोधता नुसतं तेल बदलणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवणं.

पुरात वापरतात त्या रबरी बोटींना बहुधा आउटबोर्ड इंजिन असतं. त्यांना हा भाता नसतो, पण पंखा, सील, गिअरचं तेल आणि पाण्याचा पंप तोच. तुमच्या सोसायटीत, संस्थेत अशी बोट असेल, तर मे महिन्यात हे सगळं एकदा बघून घ्या. जूनच्या शेवटी पाऊस दिल्लीत येतो, आणि हरियाणातल्या हथिनीकुंड बॅरेजमधून सोडलेलं पाणी दोन-तीन दिवसांत दिल्लीला पोचतं. तेवढ्या वेळात मदतीचं सामान गोळा होईल. सील शोधून, पाय उघडून, पुन्हा बसवणं होणार नाही. आणि त्या दिवशी बोटीत बसलेल्या माणसाला पोहता येतच असेल, असं नाही.